हनी बॅजरचा माग: एका प्राण्याच्या मागे चालत राहिल्यावर काय कळते

हनी बॅजर या प्राण्याला मराठीत नाव नाही असे नाही. उलट नावे जरा जास्तच आहेत, आणि त्यांतले एकही त्याला नीट बसत नाही. पाठीवरची पांढुरकी झूल पाहून काही जण त्याला चांदी अस्वल म्हणतात, पण तो अस्वलाच्या कुळातला नाही. मसण्या ऊद हे नाव गावोगावी ऐकू येते, मात्र ते कधी याला, कधी उदमांजराला, तर कधी रात्री बॅटरीच्या उजेडात ओझरत्या दिसलेल्या कोणत्याही बुटक्या जनावराला लावले जाते. हिंदीत त्याला बिज्जू म्हणतात आणि तिथेही कबरी उकरण्याचा आळ त्याच्यावर आहेच. शास्त्रीय नाव मेलिव्होरा कॅपेन्सिस. त्यातल्या मेलिव्होराचा अर्थ ‘मध खाणारा’ असा होतो. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: मराठीत ऊद हा शब्द पाणमांजरासाठीही वापरला जातो आणि हनी बॅजर खरोखरच पाणमांजराच्या कुळातला, म्हणजे मुस्टेलिडे कुळातला प्राणी आहे. तेवढ्यापुरते आपल्या पूर्वजांचे निरीक्षण बरोबर निघाले.

या सगळ्या नावांमध्ये एक समान धागा आहे. ती सारी ओझरत्या दर्शनातून जन्मली आहेत. कुणी त्याला मोहोळाजवळ पाहिले आणि मधखाऊ ठरवले, कुणी दफनभूमीच्या कडेला पाहिले आणि मढी उकरणारा ठरवले. तो उरलेल्या वेळात काय करतो, हे कुणी पाहिलेच नव्हते. पुण्यात वन्यजीवांविषयी बोलताना हा प्राणी निघाला की हटकून ‘तो कुणालाच घाबरत नाही म्हणे’ असे वाक्य कानावर येते, आणि तेही अशाच दहा-पंधरा सेकंदांच्या चित्रफितींमधून आलेले असते. म्हणून या लेखात मला दोन गोष्टी समजावून सांगायच्या आहेत. अशा प्राण्याचे खरे आयुष्य कळण्यासाठी नेमके काय करावे लागते, ही पहिली. आणि तसे केल्यावर आधीच्या समजुतींपैकी किती टिकतात, ही दुसरी.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. हत्ती कळपाने राहतो, सिंह उघड्यावर झोपतो. त्यांना गाठणे कष्टाचे असले तरी शक्य असते. हनी बॅजर एकटा हिंडतो, बहुधा रात्री हिंडतो, विश्रांतीला बिळात शिरतो आणि एवढ्या मोठ्या मुलखात विरळ पसरलेला असतो की त्याच रानात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वनरक्षकालाही तो क्वचितच दिसतो. अशा प्राण्यासाठी अभ्यासकांपुढे चार वाटा असतात. पहिली म्हणजे विष्ठा गोळा करून तिच्यातले केस, हाडे, खवले तपासणे. यातून आहाराचा अंदाज येतो, पण अळ्यांसारखे मऊ अन्न पोटात पूर्ण विरघळते आणि त्याचा मागमूस उरत नाही. दुसरी वाट कॅमेरा ट्रॅपची. प्राणी समोरून गेला की फोटो निघतो, म्हणजे तो त्या जागी, त्या वेळी होता एवढे सिद्ध होते. तो कुठून आला आणि पुढे काय करणार होता, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. तिसरी वाट रेडिओ ट्रान्समीटरची. त्यामुळे नकाशावर ठिपके मिळतात, पण दोन ठिपक्यांच्या मध्ये घडलेले आयुष्य त्यात दिसत नाही. चौथी वाट सर्वांत जुनी, सर्वांत मंद आणि सर्वांत दमवणारी आहे: प्राण्याच्या मागे जायचे, आणि जातच राहायचे.

ही चौथी वाट हनी बॅजरच्या बाबतीत पहिल्यांदा चिकाटीने चोखाळली ती कॉलीन आणि कीथ बेग या दक्षिण आफ्रिकी दांपत्याने. १९९६ ते १९९९ अशी सुमारे साडेतीन वर्षे त्यांनी कालाहारीच्या वाळूत काढली. आज ज्याला क्गालागादी ट्रान्सफ्रंटियर पार्क म्हणतात, त्या दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना यांच्या सीमेवरच्या उद्यानात हे काम झाले. या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ अडीच पुणे जिल्हे त्यात मावतील. या काळात माणसांना सरावलेल्या नऊ हनी बॅजरांच्या, पाच माद्या आणि चार नर यांच्या, सोबत त्यांनी प्रत्यक्ष नजरेने निरीक्षण केलेला वेळ सुमारे साडेपाच हजार तासांचा आहे. हा आकडा क्षणभर मनात घोळवून पाहावा. सव्वादोनशेहून अधिक दिवस, रात्रींसकट, डोळा न हलवता एकाच जातीच्या प्राण्याकडे पाहत राहण्याइतका हा वेळ आहे.

अशा कामाची सुरुवात मागाने होते. माग काढणे म्हणजे काय, हे मला सुप्याच्या माळावर समजले. मयूरेश्वर अभयारण्याच्या बाहेरच्या मातीच्या वाटेवर, हिवाळ्यातल्या एका सकाळी, मेंढरे घेऊन निघालेल्या एका धनगर मामांनी मला लांडग्याचा ठसा दाखवला होता. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो आणि मामा ठशाच्या कडेकडे पाहत होते. ठशाच्या तळाशी असलेल्या धुळीवर दवाचे बारीक टिपके पडलेले नव्हते. आजूबाजूच्या धुळीवर मात्र ते स्पष्ट उमटलेले होते. ‘दव पडून गेल्यावर गेलाय हा, उजाडता उजाडता,’ असे ते म्हणाले. दोन हात पुढच्या दुसऱ्या एका ठशावरून एका किड्याची नक्षीदार रेघ आरपार गेली होती. तो ठसा रात्रीचा, कारण तो किडा रात्रीच फिरतो. मग त्यांनी कमरेतून वाकून, सूर्य समोर येईल अशा बाजूला उभे राहून पुढची वाट न्याहाळली, कारण तिरप्या उन्हात प्रत्येक ठशाच्या एका कडेला सावली धरते आणि सरळ उजेडात न दिसणारी रांग उठून दिसते. पाच मिनिटांत त्यांनी सांगितलेले मला पुस्तकात कुठे मिळाले नव्हते.

कालाहारीतही हेच ज्ञान उपयोगी पडले. तिथल्या सान समाजातील माग काढणाऱ्यांना वाळू वाचता येते. ताजा माग कोणता, प्राणी रमतगमत चालला होता की धावत होता, मादीबरोबर पिल्लू आहे की नाही, हे ते ठशांच्या अंतरावरून आणि खोलीवरून ओळखतात. यंत्रे नंतर येतात. पहिला प्राणी सापडतो तो पायाच्या ठशावरूनच, आणि वैज्ञानिक अभ्यासाच्या इतिहासात या लोकांच्या कामाचे मोल मांडताना आपण हात आखडता घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

माग काढून प्राणी गाठला की त्याला पकडून, भूल देऊन ट्रान्समीटर बसवायचा. ऐकायला सोपी वाटणारी ही पायरी मुस्टेलिडे कुळातल्या प्राण्यांबाबत अवघड ठरते, कारण त्यांची मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड असते. सैल पट्टा निसटून जातो आणि घट्ट पट्टा कातडीला काचतो. म्हणून या कुळातल्या अनेक प्राण्यांच्या बाबतीत छोटा ट्रान्समीटर शस्त्रक्रियेने शरीरातच बसवण्याचा मार्ग पत्करावा लागतो. एकदा संदेश येऊ लागला की प्राणी रोज शोधून काढता येतो, आणि मग खरा कसोटीचा टप्पा सुरू होतो. तो टप्पा म्हणजे प्राण्याला आपली सवय होऊ देणे.

सवय होणे म्हणजे माणसाळणे नव्हे, हा फरक इथे महत्त्वाचा आहे. माणसाळलेला प्राणी आपल्याकडून काही मिळण्याची अपेक्षा ठेवतो. सरावलेला प्राणी आपल्याला झाडाझुडपाइतकेच महत्त्व देतो. त्यासाठी पहिल्या दिवसांत खूप दुरून, त्याने मान वर करताच थांबून, त्याने दिशा बदलताच माघार घेऊन चालावे लागते. अंतर हळूहळू कमी करत जायचे. त्याला खायला द्यायचे नाही, वाट अडवायची नाही, त्याच्या शिकारीत हात घालायचा नाही आणि तो संकटात असला तरी शक्यतो मध्ये पडायचे नाही. प्राणी मागे वळून न पाहता उकरू लागला, समोरच आडवा होऊन झोपला, पिल्लाला तोंडात धरून आपल्यासमोरून गेला, की समजावे की आता जे दिसत आहे ते त्याचे रोजचे जगणे आहे. तरीही शंका उरतेच. आपल्या गाडीच्या आवाजाने उंदीर बिळात दडला असेल का, आपल्या मागोमाग सिंहाचे लक्ष त्याच्याकडे गेले असेल का, असे प्रश्न प्रामाणिक अभ्यासकाला सतत पडतात. म्हणूनच एकाच प्राण्यावर विसंबून न राहता अनेक प्राणी, अनेक ऋतू आणि अनेक वर्षे लागतात.

आता इतके करून दिसले काय, ते पाहू.

पहिला धक्का नावालाच बसतो. कालाहारीतल्या हनी बॅजरच्या जेवणात मधाचा वाटा अगदी थोडा निघाला. तो खातो ते उंदीर, जर्बिल हे वाळवंटी उंदीर, पाली, सापसुरळ्या, विंचू, साप आणि जमिनीत एकएकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या अळ्या. त्याच्या आहारात साठच्या आसपास प्रकारचे प्राणी नोंदले गेले. त्याची शिकारीची पद्धत पाहिली तर हे सहज पटते. तो नाक जमिनीला लावून, कधी या झुडपाकडे कधी त्या झुडपाकडे असा वळतवळत चालतो. एखाद्या भोकापाशी थबकतो, त्यात नाक खुपसून जोरात हुंगतो आणि दखल घेण्यासारखे काही असेल तर पुढच्या दोन्ही पंजांनी उकरायला लागतो. पुढच्या पंजांची नखे सुमारे चार सेंटिमीटर लांब असतात. वाळू दोन्ही पायांमधून मागे फेकली जाते. मध्येच तो थांबतो, पुन्हा हुंगतो, कधी बिळाच्या दुसऱ्या तोंडाकडे जाऊन तिकडून उकरतो. दृष्टी त्याच्या फारशी कामाची नसते. त्याचे जग वासाचे आहे. पावसाळ्यात नांगरणी चालू असताना गायबगळे बैलांच्या मागे मागे चालतात आणि उलथलेल्या ढेकळांतले किडे टिपतात, ते आपण पाहिलेले असते. कालाहारीत अगदी तसेच पेल चँटिंग गॉसहॉक नावाचे ससाण्यासारखे शिकारी पक्षी आणि काळ्या पाठीचे कोल्हे हनी बॅजरच्या मागे फिरताना आढळले. बिळाच्या एका तोंडातून हा आत शिरला की दुसऱ्या तोंडातून पळणारा उंदीर त्यांच्या तावडीत सापडतो. हनी बॅजरला त्यातून काही फायदा होतो असे दिसले नाही.

ऋतूप्रमाणे त्याचे ताट बदलते आणि दिनक्रमही. उन्हाळ्यात वाळू भाजून निघते, तेव्हा तो रात्री फिरतो. थंडीच्या दिवसांत रात्री गोठवणाऱ्या असतात, तेव्हा तो दिवसा बाहेर पडतो. ‘हा निशाचर प्राणी आहे’ असे जे आपण सरसकट म्हणतो, ते म्हणूनच अर्धवट आहे. थंडीत आवडते भक्ष्य कमी होते. त्या काळात तो मिळेल ते, अधिक वेगवेगळ्या प्रकारचे अन्न खाऊ लागतो आणि अशा रीतीने शरीराच्या वजनाच्या मानाने रोजचे खाणे वर्षभर जवळपास सारखेच राखतो. एका विशिष्ट अन्नावर अवलंबून नसलेले प्राणी टंचाई कशी निभावतात, याचे हे मोजून दाखवलेले उदाहरण आहे.

याच नोंदींतून एक सुंदर प्रश्न सुटला. हनी बॅजरचा नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. कालाहारीत नराचे वजन सरासरी नऊ किलोच्या पुढे आणि मादीचे सहा किलोच्या आसपास भरते. मांसाहारी प्राण्यांतल्या अशा फरकाचे एक ठरावीक स्पष्टीकरण दिले जाते: नर मोठे भक्ष्य खातो, मादी लहान खाते, म्हणजे दोघांची अन्नासाठी स्पर्धा टळते. कल्पना पटण्यासारखी आहे. पण नर आणि माद्या यांनी प्रत्यक्ष काय पकडले, केवढे पकडले, उकरण्यात कितीदा यश मिळवले, हे तासन्तास लिहून ठेवल्यावर दोघांत तसा फरक आढळला नाही. म्हणजे नराच्या आकाराचे कारण स्वयंपाकघरात शोधून उपयोग नाही. ते माद्यांसाठी होणाऱ्या नरांच्या चढाओढीत शोधावे लागते.

त्या चढाओढीचे प्रमाण किती मोठे आहे, हे समजण्यासाठी पुण्याचा नकाशा उपयोगी पडेल. कालाहारीत एका प्रौढ नराचा वावर सरासरी ५४१ चौरस किलोमीटर क्षेत्रात आढळला, मादीचा सुमारे १२६ चौरस किलोमीटरमध्ये. २०२१ मध्ये २३ गावे जोडली गेल्यावर पुणे महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या थोडी पुढे गेली. एक नर त्याहून मोठ्या मुलखात फिरतो. मादीचा मुलूख १८१ चौरस किलोमीटरच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मावेल. आणि मयूरेश्वर अभयारण्य आहे ५.१४ चौरस किलोमीटरचे. तशी शंभर अभयारण्ये एकत्र केली तरी कालाहारीतल्या एका नराला ती कमी पडतील. कालाहारी वाळवंटी आहे, तिथे अन्न विखुरलेले आहे, म्हणून तिथले आकडे दख्खनच्या माळाला तसेच्या तसे लावता येत नाहीत हे खरे. तरी लहान देहाच्या प्राण्याला लहान जागा पुरते, हा आपला अंदाज किती फसवा असू शकतो, हे त्यावरून दिसते.

एवढ्या जागेचे राखण कोणी कसे करणार? नर ते करतही नाहीत. त्यांचे मुलूख एकमेकांवर चढलेले असतात, त्यांच्यात वरचढ आणि दुय्यम अशी उतरंड असते, आणि बातम्यांची देवाणघेवाण वासातून होते. ठरावीक जागी अनेक नर येऊन विष्ठा आणि मूत्र टाकतात, तिथे बराच वेळ हुंगत राहतात. गावच्या पारावर कोण आले, कोण गेले हे जसे कळते, तसे या जागांवर त्यांना कळत असावे. माद्यांचे वागणे वेगळे आहे. त्या एकमेकींना टाळून राहतात आणि चरताना उकरलेल्या भोकांत थोडेथोडे मूत्र सोडत जातात.

मादीच्या आयुष्याकडे जरा अधिक थांबून पाहायला हवे, कारण या प्राण्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज तिथे होता. पूर्वी अनेकांनी दोन हनी बॅजर एकत्र फिरताना पाहिले होते आणि साहजिकच ती नर-मादीची जोडी मानली होती. मागे चालत राहिल्यावर लक्षात आले की अशा ‘जोड्या’ बऱ्याचदा आई आणि तिचे जवळपास तिच्याएवढे वाढलेले पिल्लू असतात. नर पिल्लाच्या संगोपनात भाग घेत नाही. मादीला बहुधा एकच पिल्लू होते. ते जन्मतः आंधळे आणि केसविरहित असते. पहिल्या काळात आई त्याला दर दोन ते पाच दिवसांनी तोंडात धरून नव्या बिळात हलवते. पिल्लू स्वतः चालू लागल्यावरही ते बराच काळ तिच्याच मागे राहते, आणि स्वतंत्र व्हायला त्याला १२ ते १६ महिने लागतात. या कुळातल्या लहानसर प्राण्यांच्या मानाने हा काळ फार मोठा आहे. कारण त्याच्या शिकारीतच आहे: विंचवाची नांगी कशी टाळायची, साप कुठे धरायचा, कोणते भोक उकरण्यासारखे आणि कोणते सोडून देण्यासारखे, हे सारे शिकायला वेळ लागतो. सुरुवातीला पिल्लू आईच्या शेजारी नुसतेच वाळू खरवडते आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

इतके करूनही सुमारे निम्मी पिल्ले स्वतंत्र होण्यापर्यंत जगत नाहीत. हा आकडा वाचला की या प्राण्याच्या ‘अजिंक्य’पणाची सगळी चित्रे फिकी वाटू लागतात. एका वेळी एकच पिल्लू, ते वाढवायला वर्षाहून अधिक काळ आणि त्यातली निम्मी गमावलेली, असे गणित असलेल्या प्राण्याची संख्या एकदा घटली तर ती भरून यायला किती वर्षे लागतील, याचा विचार करावा.

निर्भयतेचेही तसेच आहे. सिंह आणि बिबट्या हनी बॅजरला मारतात, हे नोंदलेले आहे. शक्य असेल तेव्हा तो बिळात शिरतो. पळायला वाव नसला की मात्र तो उलटतो, गुरगुरतो, शेपटीखालच्या ग्रंथींतून उग्र दर्प सोडतो आणि अंगावर धावून जातो. त्याची कातडी जाड आणि सैल असते. मानेभोवती ती सुमारे सहा मिलिमीटर जाड भरते. कोणी मानेला धरले तरी तो त्या कातडीच्या आत वळून धरणाऱ्याला चावू शकतो. त्याला निर्भय म्हणण्यापेक्षा, कोपऱ्यात सापडलेल्या लहान प्राण्याकडे जेवढे म्हणून उपाय असू शकतात तेवढे सगळे त्याच्याकडे आहेत, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

सापांच्या विषाबद्दलही असेच नेमके बोलायला हवे. नागाच्या विषातला एक महत्त्वाचा घटक आपल्या स्नायूंवरच्या एका ग्राहक रेणूला जाऊन चिकटतो. मज्जातंतूंकडून येणारा ‘आकुंचन पाव’ हा संदेश याच रेणूवर उतरत असतो. तो विषाने अडवला की स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी तसा हा प्रकार असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की हनी बॅजरच्या या रेणूमध्ये असा बदल झालेला आहे की विषाचा कण तिथे नीट बसत नाही. काटेसाळू अर्थात हेजहॉग आणि डुक्कर यांच्यातही स्वतंत्रपणे तसाच बदल घडून आलेला आहे. मुंगसाने वेगळ्या रासायनिक मार्गाने तोच परिणाम साधला आहे. पण आफ्रिकेतला पफ ॲडर हा आपल्या घोणशीच्या कुळातला साप, आणि त्याचे विष मुख्यतः पेशी आणि रक्तावर हल्ला करते; त्याच्यावर या बदलाचा उपयोग नाही. असा साप चावल्यावर कालाहारीतला एक नर निपचित पडला आणि काही तासांनी उठून उरलेला साप खाऊ लागला, हे दृश्य चित्रित झालेले आहे. एवढ्यावरून ‘त्याला विष चढतच नाही’ असे म्हणणे चूक आहे. त्याला विष चढले होते; तो त्यातून वाचला.

मध आणि हनीगाइड पक्ष्याची गोष्ट तर पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेली आहे. हा पक्षी हनी बॅजरला मोहोळाकडे वाट दाखवतो, बॅजर मोहोळ फोडतो आणि दोघे वाटून खातात, असे सांगितले जाते. हनीगाइड माणसांना वाट दाखवतो, हे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे. बॅजरबाबत मात्र पुरावा कायम अपुरा राहिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी आफ्रिकेतल्या नऊ देशांतील जवळपास ४०० मध गोळा करणाऱ्या लोकांना याविषयी विचारण्यात आले. बहुतेकांनी ही गोष्ट नाकारली. टांझानियातल्या काही समाजांतील अनेकांनी मात्र आपण ते पाहिल्याचे सांगितले. कदाचित हे सहकार्य काही भागांतच शिल्लक असेल, असे अभ्यासकांनी मोकळेपणाने मांडले. ज्यांचे आयुष्य मोहोळांच्या शोधात जाते त्यांना विचारणे, हाही माग काढण्याचाच एक प्रकार आहे.

मध तो खात नाही असे मात्र कुणी समजू नये. जिथे मोहोळे भरपूर आहेत तिथे तो ती फोडतो आणि अळ्यांवर विशेष ताव मारतो. मधमाश्या त्याला डसतात, आणि पेटीत अडकून डसण्याने मेलेले हनी बॅजरही सापडले आहेत. दक्षिण आफ्रिकेत त्याने मधपेट्या उलथल्यामुळे मधपाळ त्याला सापळे लावून, विष घालून मारत असत. बेग दांपत्याने पुढे याच प्रश्नावर काम केले, आणि निघालेला उपाय अगदी साधा आहे: पेटी जमिनीवर न ठेवता सुमारे एक मीटर उंच घोडीवर, म्हणजे स्टँडवर, ठेवायची आणि घोडीला पट्ट्याने घट्ट बांधायची. जमीन उकरणारा हा प्राणी उंचावरचे ढकलण्यात कमी पडतो. असे करणाऱ्यांचा मध ‘बॅजरस्नेही’ म्हणून विकला जाऊ लागला. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि राज्यभरातून लोक तिथे मधुमक्षिकापालन शिकायला येतात. हनी बॅजर असलेल्या भागांत पेट्या ठेवणाऱ्यांसाठी ही एक मीटरची घोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भारतात हनी बॅजर कोरड्या जंगलांत आणि माळरानांत राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे, म्हणजे वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण त्याला आहे. त्याच्याविषयी आपल्याकडे जे कळते ते बहुतांशी कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंमधून, आणि ते फोटोही पुष्कळदा वाघ-बिबट्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत योगायोगाने आलेले असतात. कालाहारीत झाले तसे साडेपाच हजार तासांचे काम दख्खनच्या माळावर व्हायला हवे, असे मला फार वाटते. इथला हनी बॅजर शेताच्या बांधावरून, उसाच्या कडेने, वस्तीच्या कुत्र्यांना चुकवत कसा जगतो, त्याचा मुलूख केवढा, पिल्लाची बिळे कुठे, हे कालाहारीच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही.

तोवर माळावर फिरणाऱ्या कुणालाही एक गोष्ट करता येईल. कुत्रा, लांडगा, खोकड, कोल्हा, तरस यांच्या ठशात चार बोटे उमटतात. हनी बॅजरच्या ठशात पाच बोटे असतात, आणि पुढच्या पायाच्या ठशात बोटांच्या बरेच पुढे नखांची टोके वेगळी टोचलेली दिसतात, जणू कुणी धुळीत काडीने पाच टिंबे काढली आहेत. मुंगूस आणि उदमांजर यांनाही पाच बोटे असतात, पण त्यांच्या ठशापुढे अशी लांब अंतरावरची नखे उमटत नाहीत. तसा ठसा दिसला तर त्याच्याशेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून सरळ वरून फोटो घ्यावा, मग बाजूने एक घ्यावा, जागा आणि वेळ लिहून ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. जवळ ताजे उकरलेले बीळ असेल तर त्यात काठी घालू नये आणि त्याच्या तोंडाशी उभेही राहू नये. आत पिल्लू असले, तर आई त्याला दोन दिवसांनी हलवणार होती, ती त्याच रात्री, अंधारात, तोंडात धरून हलवायला निघेल.